क्षयरोगशोध, नागरी गरीब वस्त्यांतील
शहरातील दाट व गरीब वस्त्यांमधील क्षयरुग्ण प्राथमिक आरोग्यसेवेच्या पातळीवरच लवकर ओळखून काढण्याच्या कार्यास ही संज्ञा लावतात. फुप्फुसाच्या क्षयाचे जंतू रुग्णाच्या खोकल्यावाटे हवेत पसरतात. कोंदट खोलीत सारे कुटुंब राहत असल्यास निदान न झालेला एक रुग्ण अनेक महिने इतरांना संसर्ग देत राहतो. योग्य औषधे सुरू होताच ही संसर्गक्षमता झपाट्याने घटते. म्हणून निदानास होणारा विलंब हाच येथील मुख्य प्रश्न होय.

रुग्ण अज्ञानामुळे दवाखान्यात येतच नाहीत, असा समज एके काळी रूढ होता. देबबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांच्या तुमकूर जिल्ह्यातील पाहणीने (१९६३) त्याला धक्का दिला. बहुसंख्य रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती व निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण उपचारासाठी गेलेही होते. पण तेथे खोकल्याचे औषध देऊन त्यांची बोळवण झाली. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात निदानाचे काम सर्वसाधारण दवाखान्यांकडे सोपविण्यात आले, ते याच विचाराने.

शहरांत मात्र ही घडी नीट बसली नाही. पन्नास हजार लोकवस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र ही योजना राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाबरोबर २०१३ मध्ये आली. रोजंदारीवरील मजूर सरकारी दवाखान्यात खाडा करून जाण्याऐवजी गल्लीतील खाजगी डॉक्टरकडे संध्याकाळी जातो, हे स्वाभाविकच आहे. मुंबई व पाटणा येथे २०१४-१५ मध्ये क्षयरुग्णाची बतावणी करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्ती अशा डॉक्टरांकडे पाठविण्यात आल्या, तेव्हा सु. ३५ टक्के भेटींतच योग्य कार्यवाही झाली. प्रतिजैव औषधे, विशेषतः क्विनोलोन गटातील, दिल्याने लक्षणे काही काळ दबतात व निदान आणखी लांबते. भारतातील अभ्यासांच्या २०१४ सालच्या एका आढाव्यात लक्षणे दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ सु. ५५ दिवसांचा आढळला.

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेल्या प्रत्येकाची थुंकी तपासावी, हा जुना नियम उपयुक्त असला तरी पुरेसा नाही. थुंकीच्या दर मिलिलिटरमध्ये काही हजार जंतू असल्याशिवाय ते सूक्ष्मदर्शकाखाली सहसा दिसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये पुरस्कारलेली जीन-एक्स्पर्ट चाचणी जंतूंची जनुकद्रव्ये शोधते. रिफॅम्पिसीन या औषधास जंतू दाद देतात की नाही, हेही ती सु. दोन तासांत सांगते. २०१९–२१ मधील राष्ट्रीय पाहणीत छातीचे क्ष-किरण चित्र घेतले नसते, तर सु. ४३ टक्के रुग्ण हाती लागलेच नसते. याच पाहणीत लक्षणे असलेल्यांपैकी सु. ६४ टक्के लोकांनी उपचार शोधले नव्हते. तेव्हा दवाखान्यात बसून वाट पाहण्याबरोबर घरभेटी व रुग्णाच्या कुटुंबीयांची तपासणीही आवश्यक ठरते.

खाजगी डॉक्टरांना वगळून हे काम शहरात होऊ शकत नाही. त्यांना रुग्णांची नोंद कळविणे २०१२ पासून बंधनकारक आहे. परंतु नुसत्या सक्तीपेक्षा मोफत चाचणीची चिठ्ठी देण्याचा मुंबईतील २०१४ नंतरचा प्रयोग अधिक व्यवहार्य होता, कारण त्यात चाचणीचा खर्च रुग्णावर पडत नव्हता. चाचणीचा निष्कर्ष हाती येईपर्यंत भाड्याची खोली बदललेला किंवा गावी परतलेला रुग्ण शोधून काढणे, हे आरोग्यसेविकेच्या वाट्याला येणारे सर्वांत कष्टाचे काम असते.