घरचा सर्व्हर बदला, पण घर थांबवू नका

लग्नाचे अल्बम, विम्याचे कागद, मुलांच्या गुणपत्रिका हे सारे पूर्वी लोखंडी कपाटात असे. आज काही घरांत ते टीव्हीखालच्या एका लहानशा संगणकात असते. या एकाच यंत्रात अनेक आभासी संगणक चालतात. एकावर फोटो, दुसऱ्यावर दारावरचा कॅमेरा, तर तिसऱ्यावर घरचे इंटरनेट! साहजिकच मूळ यंत्र बंद पडले की सारे घर अडते.

ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आले आणि ही सोय घरी वापरणेही सोपे झाले. प्रॉक्समॉक्स ही लोकप्रिय प्रणाली त्यावरच चालते. तिची नववी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, तर आठवीला दुरुस्त्या मिळण्याची मुदत ऑगस्ट २०२६ ही ठरवण्यात आली. मुदत संपलेल्या प्रणालीवर विसंबणे म्हणजे कडी न लावता झोपणे.

आधी बॅकअप

एकाच यंत्रातील दोन डिस्कवर तीच माहिती असणे म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला फोटो दोन्हींवरून जातो. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि त्यातून एखादा आभासी संगणक पुन्हा उभा करून पाहा. बॅकअप असणे आणि तो उघडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन यंत्रे असतील तर

दोन्ही यंत्रे एका समूहात जोडलेली असल्यास चालू आभासी संगणक एकावरून दुसऱ्यावर नेता येतो. त्याची स्मृती चालू असतानाच पलीकडे उतरवली जाते, मधल्या काळात बदललेला भाग पुन्हा पाठवला जातो आणि शेवटी क्षणभरच काम थांबते. मग रिकामे झालेले यंत्र निवांत अद्ययावत करता येते. मात्र एक पथ्य पाळा. जुन्या आवृत्तीवरून नव्यावर जाणे सुरक्षित असते, उलट प्रवासाची खात्री नसते.

एकच यंत्र असेल तर

थोडा खंड पडणारच, पण तो आवरता येतो. प्रथम प्रॉक्समॉक्सचाच तपासणी प्रोग्राम चालवा आणि त्याने दाखवलेले दोष दूर करा. लागणाऱ्या फाइली आधीच उतरवून ठेवा, कारण घरचे इंटरनेट याच यंत्रातून येत असेल तर ऐन वेळी तेही जाईल! यंत्राला कीबोर्ड आणि पडदा जोडून ठेवा. नव्या आवृत्तीत नेटवर्क कार्डाचे नाव बदलू शकते, मग दुसऱ्या संगणकावरून यंत्र सापडत नाही. वीज जाण्याची भीती असेल तर यूपीएस हवाच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरच्यांना आधी सांगा. मुलाची ऑनलाइन परीक्षा किंवा परगावच्या लेकीचा व्हिडिओ कॉल असेल, तो दिवस टाळा. रात्र निवडा, पण किती वाजेपर्यंत जमले नाही तर जुन्या बॅकअपवर परतायचे, ही वेळ आधीच ठरवा. काम झाल्यावर फोटो, कॅमेरा, इंटरनेट एकेक उघडून पाहा. सकाळी कुणाला काही बदलल्याचे कळलेच नाही, तर काम फत्ते झाले असे समजा.