गल्ला टॅली झाला का?

रात्री शटर ओढायच्या आधी दुकानात एक प्रश्न हमखास असतो, "गल्ला टॅली झाला का?" हा शब्द कॉम्प्युटरवरच्या टॅलीपेक्षा शेकडो वर्षं जुना आहे बरं का.

मूळ लॅटिन शब्द 'तालेआ'. अर्थ, कापलेली फांदी. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. कापड कापणारा 'टेलर' आणि मोठ्या मालाचे छोटे भाग करून विकणारं 'रिटेल', हे शब्दही त्याच घराण्यातले. म्हणजे आपण दुकानदार एकाच फांदीचे!

पण फांदीचा हिशेबाशी काय संबंध? मध्ययुगात इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचा हिशेब काठीवर ठेवत. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभरला अंगठ्याएवढी, वीसला करंगळीएवढी, एकाला जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. खाचा दोन्ही भागांवर राहायच्या. लांब भाग, म्हणजे 'स्टॉक', पैसे भरणाऱ्याकडे. आखूड भाग, 'फॉइल', घेणाऱ्याकडे. हिशेबाला दोन्ही तुकडे जोडून बघायचे. एकाने गुपचूप खाच वाढवली, की लगेच उघडं पडायचं. ही पद्धत १८२६ पर्यंत चालली. पुढे १८३४ मध्ये जुन्या काठ्या भट्टीत जाळताना आग भडकली आणि लंडनचं पार्लमेंटच जळालं!

आता माझी चूक सांगतो. सुरुवातीला उधारीची वही फक्त माझ्याकडे असायची. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या नावावर १,८४० रुपये दिसत होते. काका म्हणाले, "अरे, हजार मागच्याच महिन्यात दिले ना!" वही माझी, अक्षर माझं, मग पुरावा कसला? मी हजार सोडले. पण 'आपल्यावर संशय घेतला' हे काकांच्या मनात राहिलं. ते परत आले नाहीत. पैसे गेले आणि माणूसही गेला.

काठीचा दुसरा तुकडा मी दिलाच नव्हता!

म्हणून आजपासून एवढं करा. उधारी लिहिली किंवा जमा झाली, की त्याच क्षणी पानाचा फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप करा. फोन नसेल तर एक छोटी वही त्यांच्याकडे द्या, दोन्हीकडे सही घ्या. नात्यातल्या माणसालाही हाच नियम. यात अविश्वास नाही, उलट विश्वास टिकवायची सोय आहे.

एकट्याच्या वहीत आकडे असतात. टॅली व्हायला दोघं लागतात. भेटू पुढच्या व्हिडिओत!