मँगनीजची भूमी आणि मेंदूचे शास्त्र

मध्य भारतातील मँगनीजयुक्त खडकांच्या समूहाला भूशास्त्रज्ञांनी सौंसरचे नाव दिले आहे. गोव्याच्या खाणींतूनही मँगनीज निघत आले असल्याने आमच्या वाचकांना ती धूळ परकी नाही. तिचा मेंदूशी असलेला संबंध 1837 साली स्कॉटलंडमधील कूपर या वैद्याने प्रथम नोंदविला. खनिज दळणाऱ्या मजुरांचे पाय लटपटू लागले होते, वाचा मंदावली होती. श्वासावाटे गेलेले मँगनीज मेंदूतील हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांत साचते, चेहरा मुखवट्यासारखा निश्चल होतो, हे पुढे सिद्ध झाले.

2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात समाविष्ट झाले. तेथील एखाद्या मराठी विद्यार्थ्याला हाच विषय डॉक्टरेटसाठी घ्यावयाचा असेल, तर त्याने जावे कोठे? बंगळूरच्या निम्हान्समध्ये संशोधनासाठी मानवी मेंदू जतन करणारी पेढी आहे, हरियाणात मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. दोन्ही संस्था नामांकित. पण खाणी येथे आणि प्रयोगशाळा तेथे! जवळच्या नागपुरात खाणकामगारांच्या आरोग्याची राष्ट्रीय संस्था होती. ती अहमदाबादच्या संस्थेत विलीन करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने 2019 साली घेतला.

कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये झाली. आकडा वाईट नाही. परंतु ती देशव्यापी परीक्षेत वर येणाऱ्या मोजक्यांनाच लाभते, आणि कित्येकदा महिनोन् महिने थकते. संत्र्याच्या चार झाडांवर ज्याचे घर चालते, त्याने तोवर खाणावळीचे पैसे कोठून द्यावेत? महाराष्ट्रातील बार्टी, सारथी व महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या तर महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठीच आहेत. 1956 साली नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला; तेव्हा आखलेल्या रेषेचा भुर्दंड त्या मुलाने आजही का भरावा?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीत डोकी फुटतात, तेव्हा पोलीस, डॉक्टर आणि पत्रकार सारेच धावतात. धुळीच्या संथ माऱ्याकडे पाहण्यास मात्र कोणाला सवड नाही. दोन्ही राज्य सरकारांनी नागपूरच्या वैद्यकीय संस्थांत या विषयाच्या संशोधनासाठी संयुक्त खर्चाने काही जागा निर्माण कराव्यात, सीमेपलीकडील मराठी विद्यार्थ्यांना त्या खुल्या ठेवाव्यात आणि वसतिगृहाची सोय करावी. दिल्लीने अधिछात्रवृत्ती निदान नोकरदारांच्या पगाराप्रमाणे महिन्याच्या महिन्यास द्यावी, एवढी मागणी अवाजवी ठरू नये.