तासगावच्या शिवेवरची राज्यघटना

१९३९ साली तासगाव आणि कुंडल यांच्यात अंतर जेमतेम सहा-सात कोसांचे, पण राज्ये दोन. तासगाव हा मुंबई इलाख्याच्या सातारा जिल्ह्यातला तालुका. परशुरामभाऊ पटवर्धनांचे हे गाव इंग्रजांनी कधीच खालसा केलेले. इथे कचेरीत मामलेदार, वर प्रांत, त्याच्या वर साताऱ्यात कलेक्टर. कुंडल मात्र औंध संस्थानात. मधल्या शिवेवर ना भिंत होती ना कुंपण. दोन्हीकडची जमीन सारखी, भाषा सारखी, पाहुणेरावळे एकमेकांचे. तरीही २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची नवी घटना जाहीर झाली आणि या शिवेला वेगळाच अर्थ आला. कुंडलचा शेतकरी आता आपले पंच निवडणार होता. त्या पंचांतून तालुक्याचा कारभार आणि तालुक्यातून संस्थानाचे विधिमंडळ उभे राहणार होते. तासगावच्या शेतकऱ्याला मात्र मामलेदार बदलण्याचा हक्क नव्हता.

भारताची राज्यघटना लागू व्हायला अजून अकरा वर्षे होती. ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनीच ती मर्यादित करणारा कायदा लिहावा, आणि तोही खेड्यापासून वर चढत जाणारा, असा प्रयोग आपल्या दारात झाला. त्यामागे एक राजा होता, एक पोलिश इंजिनिअर होता, वर्ध्याजवळच्या आश्रमातले गांधीजी होते. आणि एक तरुण बॅरिस्टर होता, ज्याने वकिलीचा काळा कोट न घालता खेड्याची वाट धरली. आप्पासाहेब पंत त्याचे नाव.

विलायतेहून आलेला मुलगा

आप्पासाहेबांचा जन्म १९१२चा. वडील भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंधचे राजे. संस्थान छोटे, त्यातही तुकड्यातुकड्यांचे. औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडचा कानडी मुलखातला गुणदाळ असे चार तालुके, बहात्तर गावे. पैशाने हे राज्य गरीबच. पण राजेसाहेबांचा पिंड वेगळा होता. ते स्वतः चित्रे काढत, कीर्तन करत. सूर्यनमस्काराचा त्यांनी घरोघरी प्रसार केला. १९३५ साली इंदूरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावे लागले, तेव्हा १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ त्यांनीच कारखान्यासाठी दिला. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे स्टेशनलाही तेच नाव पडले.

अशा घरातला मुलगा ऑक्सफर्डला शिकला, लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाला आणि १९३७च्या सुमारास परत आला. त्या काळात बॅरिस्टर झालेल्या तरुणापुढे दोन सरळ वाटा असत. मुंबईच्या हायकोर्टात नाव कमवायचे, किंवा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर बसायचे. आप्पासाहेबांची गाठ मात्र मॉरिस फ्रीडमन या माणसाशी पडली. वॉर्सात जन्मलेला हा ज्यू इंजिनिअर म्हैसूर सरकारच्या बंगळूरच्या विद्युत कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता आणि गांधीविचाराने पुरता भारावलेला होता. पुढे भारतानंद हे नाव त्याने घेतले. सूत कातायची धनुष तकली त्याचीच. निसर्गदत्त महाराजांचे मराठी बोल इंग्रजीत नेऊन जगभर पोचवणाराही तोच. फ्रीडमन औंधला आला आणि बापलेकांच्या मनात घोळत असलेल्या विचाराला आकार येऊ लागला.

नोव्हेंबर १९३८मध्ये राजेसाहेबांच्या सत्तरीच्या वाढदिवशी घोषणा झाली: राज्याची सत्ता प्रजेच्या हाती सोपवायची. घोषणा करणे सोपे होते. सत्ता सोपवायची कशी, कोणाच्या हाती, किती आणि कोणत्या कलमांनी, हे ठरवायला बॅरिस्टर लागत होता.

वर्ध्याच्या वाटेवर

मसुदा घेऊन ही मंडळी वर्ध्याजवळ शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, गांधीजींकडे गेली. इंग्लंडमध्ये कायदा शिकलेल्या तरुणापुढे संसदेचा नमुना होता: मतदारसंघ, थेट निवडणूक, राजधानीतले विधिमंडळ, त्याला जबाबदार मंत्री. गांधीजींनी ही रचना मुळापासून फिरवली. पाया खेड्याचा घ्यायचा. गावाने पंचायत निवडायची. पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची सभा आणि तालुक्यांतून विधिमंडळ. गावातले साधे तंटे गावातच, पंचायतीपुढे मिटवायचे. तालुक्याच्या महसुलाचा मोठा वाटा तालुक्याकडेच ठेवायचा, म्हणजे रस्ता, विहीर, शाळा यांसाठी कोणाला औंधच्या वाड्याची पायरी चढावी लागणार नाही. भाषण, सभा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य व कायद्यापुढे समानता हे हक्क कागदावर आले. राजा राहणार होता, पण प्रजेचा पहिला सेवक म्हणून, ठरावीक नेमणुकीवर.

गांधीजींनी बापलेकांकडून आणखी काही मागून घेतले. राजाने साधेपणाने राहावे. आणि आप्पासाहेबांनी दहा वर्षे संस्थानातच, खेड्यापाड्यांत राबावे. मसुदा लिहून मोकळे होण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. कायदा ज्याने लिहिला त्यानेच तो गावात चालवून दाखवावा, ही ती अट. कोणत्याही कायदेपंडितावर याहून कडक अट घातली गेल्याचे माझ्या वाचनात नाही. आप्पासाहेबांनी ती मान्य केली. पुढची बरीच वर्षे त्यांचे काम म्हणजे गावोगाव हिंडणे, चावडीवर आणि देवळात बसून बैठका घेणे, पंचांना कारभार समजावणे आणि त्यांच्याकडून गाव समजून घेणे. १९४४मध्ये ते संस्थानचे मुख्यमंत्री झाले, ते या उमेदवारीनंतर.

याच काळात आटपाडीजवळ फ्रीडमनच्या कल्पनेतून स्वतंत्रपूर वसले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना इथे भिंतीआड न कोंडता जमीन कसायला दिली. जवळ बायकामुले ठेवू दिली. पळून जायला सगळे रान मोकळे होते. माणसावर विश्वास टाकला तर तो त्या विश्वासाला जागतो, हे या वसाहतीने करून दाखवले. औंध संस्थानातल्याच माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी पुढे 'दो आँखें बारह हाथ'ची कथा लिहिली, तिचे बीज हेच. व्ही. शांताराम यांचा हा १९५७चा चित्रपट देशाने पाहिला, बर्लिनच्या महोत्सवात गाजला. स्वतंत्रपूरची खुली वसाहत आजही आहे.

बेचाळीसचे वारे

औंधच्या या राज्यघटनेची परीक्षा फार लवकर झाली, आणि ती तासगावच्या आसपासच झाली. ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर हजारोंचा मोर्चा आला. कचेरीवर तिरंगा चढला, मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी आली आणि एकही गोळी न झाडता लोक परतले. आठवड्याभरात चित्र पालटले. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. १० सप्टेंबरला इस्लामपुरात किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर उमाशंकर पंड्या गोळीला बळी पडले. वडूजहून औंध हाकेच्या अंतरावर. एका हद्दीत निःशस्त्र मोर्चावर गोळ्या झाडल्या जात होत्या आणि शेजारच्या हद्दीत सभा भरवणे हा घटनेने दिलेला हक्क होता.

त्यानंतर सातारा जिल्ह्यात इंग्रजी अमलाला समांतर असे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्याचे एक मोठे केंद्र कुंडल. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामभाऊ लाड यांनी तुफान सेना उभी केली ती इथूनच. ब्रिटिश पोलिसांना औंधच्या हद्दीत परस्पर शिरता येत नसे. भूमिगतांना हा आसरा मोलाचा ठरला आणि संस्थानाने त्याकडे डोळेझाक केली, प्रसंगी हातही दिला. इंग्रज सरकारच्या रोषाची टांगती तलवार डोक्यावर असताना हे करणे छोट्या राज्याला परवडणारे नव्हते. तरी ते केले गेले.

प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे नेमली. सावकारी, जमिनीचे वाद, घरगुती तंटे यांचे निकाल लोकच लावू लागले. नाना पाटलांची चळवळ आपल्या बळावर उभी राहिली, तिचे श्रेय दुसऱ्या कोणाला देण्याचे कारण नाही. पण कुंडलच्या माणसांनी आपल्या गावात पंचायतीचा न्याय आधीच अनुभवला होता, हे विसरून चालणार नाही. सरकारशिवाय गाव चालते, हा आत्मविश्वास एका रात्रीत येत नसतो.

जे सुटले ते

औंधची थोरवी सांगताना तिची उणीव झाकली तर तो त्या माणसांवरच अन्याय होईल. मतदानासाठी साक्षरतेची अट होती आणि तिच्यासाठी गांधीजी आग्रही होते. लोकांनी अक्षरे गिरवावीत, शाळा भराव्यात, हा हेतू स्वच्छ होता. पण १९३९च्या माणदेशात अक्षरओळख कोणाला होती? ज्याला पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या बाहेर बसवले त्याच्याच हातून ही अट मत काढून घेत होती.

शंकरराव खरात हे आटपाडीचे. जन्म १९२१चा, म्हणजे घटना आली तेव्हा ऐन तारुण्यातले. वडील गावचे तराळ. 'तराळ-अंतराळ' या आत्मकथनात त्यांनी जे जगणे मांडले आहे ते याच संस्थानातले. गावाचा हरकाम्या असलेल्या माणसाला पंचायतीच्या बैठकीत कोणती जागा होती, हा प्रश्न ते पुस्तक वाचणाऱ्याला टाळता येत नाही. खरातही पुढे वकील झाले, बाबासाहेबांच्या चळवळीत उतरले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्यांवर जी प्रखर टीका केली आणि व्यक्ती हाच घटनेचा घटक ठरवला, त्यामागे असले लाखो अनुभव होते. साताऱ्यात बालपण गेलेल्या माणसाला गाव म्हणजे काय, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

मला या दोन भूमिका एकमेकींना खोडणाऱ्या वाटत नाहीत. आंबेडकरांनी माणसाला गावापासून संरक्षण दिले, औंधने गावाला राजधानीपासून संरक्षण दिले. दोन्ही एकदम लागतात. भारतीय घटनेत आंबेडकरांच्या त्या भाषणाच्याच महिन्यात ग्रामपंचायतींचे कलम ४० आले, पण ते मार्गदर्शक तत्त्व म्हणून. प्रौढ मताधिकार, राखीव जागा आणि गावाचा घटनात्मक अधिकार हे सारे एकत्र आले ते ७३व्या दुरुस्तीने. संसदेने ती १९९२च्या डिसेंबरात मंजूर केली. आप्पासाहेब त्याच वर्षी गेले.

कागद कशावर टिकतो

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले आणि घटना संपली. आप्पासाहेब भारताचे प्रतिनिधी म्हणून पूर्व आफ्रिकेत गेले आणि तिथल्या स्वातंत्र्याच्या चळवळीशी त्यांचे इतके जवळचे नाते जुळले की ते वसाहतीच्या गोऱ्या सरकारला खुपू लागले. पुढे सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन, रोम. ही कारकीर्द मोठी, पण मसुदा लिहिणारा आणि त्याच मसुद्याखाली खेड्यात राबणारा तरुण मला अधिक मोठा वाटतो.

शेजारच्या पाकिस्तानकडे पाहिले की त्याचे मोल कळते. तिथे पहिली घटना यायला १९५६ उजाडले आणि १९५८मध्ये ती रद्द झाली. १९७३ची घटना बॅरिस्टर अब्दुल हफीज पीरजादा कायदामंत्री असताना सर्व पक्षांच्या संमतीने आली, पण चार वर्षांत लष्कराने तीही गुंडाळून ठेवली. तिथेही कायद्याचे जाणकार कमी नव्हते. बंदूक ज्यांच्या हाती होती त्यांना स्वतःवर बंधन नको होते. औंधमध्ये बंधन राजाने मागून घेतले आणि बॅरिस्टरने ते स्वतःच्या आयुष्यावर लावून घेतले. घटनेला बळ येते ते अशा माणसांमुळे.

संस्थान विलीन झाल्यावर कुंडल तासगाव तालुक्यात आले, आता ते पलूस तालुक्यात आहे. जुनी शीव पुसली गेली. पण ग्रामसभेला कोरम जमत नाही, पंचायतीचा निधी वरूनच ठरून येतो, आणि गावातला तंटा वर्षानुवर्षे कोर्टात लोंबकळतो, ही तक्रार दोन्ही बाजूंना सारखीच ऐकू येते. दरवर्षी २१ जानेवारीला कुंडल, आटपाडी आणि औंधच्या ग्रामसभांत १९३९ची घटना वाचली जावी. तिच्या शेजारी 'तराळ-अंतराळ'मधली पानेही वाचली जावीत. आणि मग गावाच्या महसुलाचा, न्यायाचा आणि शाळेचा हिशेब त्याच बैठकीत मागितला जावा. आप्पासाहेबांचे स्मारक करायचेच असेल, तर ते असे करावे.