'सर्व्हर बंद आहे' : लहान कचेरीतील संगणक-देखभाल आणि मराठी क्रियापदे

बडोद्यातील दांडिया बाजार, रावपुरा यांसारख्या जुन्या पेठांतील कचेऱ्या असोत की मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाने, त्यांतील अनेक ठिकाणी एक गोष्ट समान आढळते. एका कोपऱ्यात, बहुधा प्रिंटरच्या शेजारी, एक संगणक दिवसरात्र चालू असतो आणि बाकीचे पाच-दहा संगणक त्याच्यावर साठवलेली माहिती वापरतात. हाच त्या कचेरीचा सर्व्हर. खातेवह्या, जीएसटीची बिले, पगारपत्रके, मालाचा साठा असे सारे त्याच्या पोटात असते. तो अडला की काम थांबते आणि बाहेरच्या तंत्रज्ञाला फोन जातो. त्या फोनवर उच्चारले जाणारे वाक्य बहुतेक वेळा एकच असते : 'सर्व्हर बंद आहे.' फोन करणारा गुजराती असेल तर 'सर्वर बंध छे'.

माझा विषय साहित्य आहे, संगणकशास्त्र नव्हे. व्यावहारिक मराठीच्या तासाला सूचनालेखन आणि तक्रारलेखन शिकवण्यासाठी उदाहरणे हवीत म्हणून मी अशा कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांशी आणि तंत्रज्ञांशी बोलू लागलो. त्या संभाषणांतून एक गोष्ट लक्षात आली. सर्व्हरच्या दुरुस्तीत जाणाऱ्या वेळेचा मोठा भाग पेचकस हातात येण्यापूर्वीच, म्हणजे बिघाडाचे वर्णन मिळवण्यात, खर्च होतो. देखभालीचे यशही बरेचसे लेखी नोंदीवर अवलंबून असते. म्हणजे हा विषय जितका यंत्राचा, तितकाच भाषेचाही आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजू एकत्र मांडण्याचा प्रयत्न आहे.

एका वाक्याचे सहा अर्थ

'सर्व्हर बंद आहे' या वाक्याखाली निदान सहा वेगवेगळ्या अवस्था दडलेल्या असतात. तंत्रज्ञ त्या तपासताना खालून वर जातो : वीज, तार, पत्ता, नाव, सेवा आणि परवानगी. मौज अशी की या प्रत्येक पायरीला साजेसे क्रियापद मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी आधीच असते. ते वापरण्याची सवय मात्र नसते.

यंत्र 'सुरूच होत नाही' असे म्हटले, तर शोध विजेपासून लागतो : बोर्डावरचे बटण, यूपीएस, यंत्राच्या आतील पॉवर सप्लाय, मेमरीची पट्टी. यंत्राचे दिवे लागले आहेत, पंखा फिरतो आहे, पण इतर संगणकांवरून ते 'दिसत नाही' असे म्हटले, की संशय तारेवर, स्विचवर किंवा पत्त्यावर जातो. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला अंकांचा पत्ता असतो. लहान कचेऱ्यांत तो बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो. एखाद्या विंडोज संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला, तर पत्ते वाटणाऱ्या यंत्राकडून त्याला पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक पत्ता घेतला आहे, असा अर्थ होतो. मग सर्व्हर उघडून पाहण्याआधी ती तार आणि राउटर पाहावा.

अंकांच्या पत्त्याने सर्व्हर सापडतो, पण 'नावाने सापडत नाही', तर बिघाड नावाचे पत्त्यात रूपांतर करणाऱ्या व्यवस्थेत आहे. सर्व्हर सापडतो, पण हिशेबाचा प्रोग्रॅम 'उघडत नाही', तर यंत्र धड आहे आणि त्यावर चालणारी एखादी सेवा थांबली आहे. प्रोग्रॅम उघडतो, पण 'आत घेत नाही', तर प्रश्न पासवर्डाचा, परवानगीचा किंवा कधीकधी चक्क घड्याळाचा असतो. विंडोजच्या ज्या जाळ्यात सर्वांचे प्रवेश एका सर्व्हरवरून तपासले जातात, तिथे दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की ओळख नाकारली जाऊ शकते. आतील बटणाएवढी बॅटरी संपून यंत्राची तारीख मागे गेली, तर पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही. शेवटी, सारे काही उघडते, पण काम 'जतन होत नाही', तर सर्वांत आधी डिस्क भरली आहे का ते पाहावे.

'मंद चालतो' हे सातवे वर्णन, आणि ते सर्वांत फसवे. डिस्क झिजू लागणे, मेमरी अपुरी पडणे, विषाणूरोधक प्रोग्रॅमची झडती किंवा भर दुपारी लावलेला बॅकअप, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. म्हणून 'मंद' या शब्दाला लगेच पुढचा प्रश्न जोडावा लागतो : एकालाच मंद, की सर्वांना? दिवसभर, की ठरावीक वेळी?

अनुभवी तंत्रज्ञ फोनवर चार गोष्टी विचारतो. कोणाकोणाला अडचण आहे? कधीपासून? त्याआधी काय बदलले होते? पडद्यावर नेमकी कोणती अक्षरे आली? चौथ्या प्रश्नाला 'इंग्रजीत काहीतरी येते' असे उत्तर मिळते आणि निदान तिथेच अडते. तो संदेश समजला नाही तरी जसाच्या तसा उतरवून घेणे किंवा मोबाइलवर त्याचा फोटो काढणे, एवढे शिपायापासून मालकापर्यंत कोणालाही जमते.

परिभाषेचा प्रश्न कुठे आहे?

अशा विषयावर लिहिताना 'सर्व्हर'ला मराठी शब्द कोणता, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. बडोद्यात हा प्रश्न नवा नाही. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने येथे कलाभवन सुरू झाले. त्याची धुरा वाहणारे त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह देशी भाषांतून तंत्रशिक्षण देण्याचा होता. पुढे १९३१ मध्ये बडोदे संस्थानाने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराचा कोश प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय एकत्र ठेवले होते. कचेरीत बसणाऱ्या माणसाला आपले काम आपल्या भाषेत करता यावे, हा त्यामागचा हेतू होता.

तोच हेतू आज समोर ठेवला, तर मला वाटते, नामांपेक्षा क्रियापदांकडे आणि वाक्यांकडे लक्ष द्यायला हवे. सर्व्हर, राउटर, बॅकअप, पासवर्ड ही नामे मराठीत रुळली आहेत. ती विभक्ती घेतात, त्यांना लिंग मिळाले आहे. 'पासवर्डाचा' किंवा 'डिस्कवर' म्हणताना कोणी अडखळत नाही. अडचण येते ती 'काय झाले' हे सांगताना. हँग झाला, उडाला, बसला, लटकला, गेला या सर्वांचा अर्थ एकच होतो : मला काही सुचत नाही, तुम्ही या. याउलट 'दिसतो पण उघडत नाही' या चार शब्दांच्या वाक्यात एकही पारिभाषिक शब्द नाही, तरी ते तंत्रज्ञाला चार पायऱ्या वर नेऊन ठेवते. अशी वाक्ये शिकवणे हे भाषाशिक्षकाचे काम आहे.

देखभाल म्हणजे काय?

दुरुस्तीपेक्षा देखभाल स्वस्त पडते, हे सांगायला नको. पण ती नेमकी कशाची, हे सांगावे लागते. पहिली गोष्ट उष्णता. सर्व्हरच्या खोलीसाठी साधारण १८ ते २७ अंश सेल्सियस तापमानाची शिफारस केली जाते, आणि बडोद्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. बंद कपाटात, कागदांच्या गठ्ठ्यांमागे ठेवलेले यंत्र धूळ आणि उष्णता दोन्ही खाते. यूपीएसमधील शिशाच्या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांत बदलाव्या लागतात, आणि उष्ण खोलीत त्याआधीच. त्या टिकतात की नाही हे वीज गेल्यावर कळण्याऐवजी महिन्यातून एकदा मुद्दाम तपासलेले बरे.

दुसरी गोष्ट बॅकअप. अनेक सर्व्हरांत दोन डिस्कांवर एकच माहिती एकाच वेळी लिहिण्याची सोय असते. तिला 'रेड' म्हणतात. एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहते. पण हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते, आणि खंडणीखोर प्रोग्रॅमने कुलूपबंद केलेली फाइल दोन्हीकडे कुलूपबंद होते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. अनेकांनी ती बसवली नव्हती. 'विंडोज सर्व्हर २०१२' या आवृत्तीचा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. तिला आता अशा दुरुस्त्या नेहमीच्या मार्गाने मिळत नाहीत.

म्हणून नियम सांगितला जातो तो तीन, दोन, एक असा : माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक कचेरीबाहेर. बडोद्याला या 'बाहेर'चा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जुलै २०१९ च्या अखेरीस आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले. तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेला सर्व्हर आणि त्याच्याच वर खणात ठेवलेली बॅकअपची डिस्क या पुराच्या दृष्टीने एकच प्रत ठरते. तिसऱ्या प्रतीची जागा वरच्या मजल्यावर नव्हे, दुसऱ्या वस्तीत असावी. आणि ज्या बॅकअपवरून एखादी फाइल परत आणून पाहिलेली नाही, त्याला बॅकअप म्हणू नये.

मराठी मजकुराच्या बाबतीत ही परीक्षा अधिक महत्त्वाची ठरते. जुना सर्व्हर बदलून नवा आणताना अक्षरांची सांकेतिक व्यवस्था जुळली नाही, तर ग्राहकांची देवनागरी नावे दोन प्रकारे बिघडलेली दिसतात. अक्षरांच्या जागी विचित्र चिन्हे असलेली रोमन अक्षरे दिसली, तर मूळ माहिती बहुधा शाबूत असते. ती चुकीच्या पद्धतीने वाचली जात आहे, एवढेच. पण अक्षरांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे दिसली आणि तशीच साठवली गेली असली, तर मूळ अक्षरे गेली; ती जुन्या प्रतीतूनच आणावी लागतात. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलेले दस्तऐवज त्या फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत, म्हणून फाइलींबरोबर फॉन्टही जपावा. लहान छापखाने, ग्रंथालये आणि वाङ्मयीन संस्था यांच्याकडे असा मजकूर मोठ्या प्रमाणावर असतो, आणि बॅकअप 'यशस्वी' झाला असा संदेश इंग्रजीत आला की कोणी मराठी पान उघडून पाहत नाही.

नोंदवही

तिसरी गोष्ट नोंद. नोंदणीकृत कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहिली पाहिजे, असे बंधन १ एप्रिल २०२३ पासून आहे. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्राच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. पण या नोंदी यंत्र ठेवते. तार कोणी बदलली, कोणता प्रोग्रॅम का काढून टाकला, हे माणसानेच लिहावे लागते, आणि लहान कचेरीत ते लिहिलेले क्वचितच सापडते. सगळे ज्ञान एका तंत्रज्ञाच्या डोक्यात असते. तो गाव सोडून गेला किंवा त्याने व्यवसाय बदलला, की मालकाकडे स्वतःचाच सर्व्हर परक्यासारखा उरतो.

यावर उपाय दोनशे पानी वहीचा आहे. प्रत्येक नोंदीत पाच बाबी असाव्यात : तारीख व वेळ, तक्रार करणाऱ्याचे शब्द, पडद्यावरील संदेश जसाच्या तसा, केलेला एकच बदल आणि त्याचा परिणाम. 'एकच' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण एकदम तीन गोष्टी बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही. पासवर्ड या वहीत लिहू नयेत. ते मोहोरबंद पाकिटात मालकाच्या तिजोरीत असावेत. आणि वही सर्व्हरमध्ये नव्हे, कागदावर असावी, कारण तिची गरज सर्व्हर उघडत नसताना लागते.

ही वही कोणत्या भाषेत लिहावी? जे त्या कचेरीत उद्याही बसणार आहेत, त्यांच्या भाषेत. बडोद्यात ती कुठे मराठी असेल, कुठे गुजराती; अनेकदा दोन्हींचे मिश्रण असेल, आणि त्याने काही बिघडत नाही. अर्धवट इंग्रजीत लिहिलेली 'सर्व्हर इश्यू, सॉल्व्ह्ड' ही नोंद मात्र कोणाच्याच उपयोगी पडत नाही. आमच्या मराठीच्या वर्गात पत्रलेखन आणि सारांशलेखन शिकवले जाते. त्यांच्या जोडीला बिघाडाचे वर्णन आणि दुरुस्तीची नोंद हे दोन प्रकार अभ्यासक्रमात यावेत, असे मी सुचवतो. दहा ओळींचा हा लेखनप्रकार शिकलेला विद्यार्थी ज्या कचेरीत नोकरीला लागेल, तिथला तंत्रज्ञ बदलला तरी तिथले हिशेब अडून राहणार नाहीत.