माळ्यावरचा कॉम्प्युटर खाली काढा

लग्नसराई संपली की हिंगोली, वसमतच्या फोटो स्टुडिओंत व्हिडिओ ठेवायचे कुठे, हा प्रश्न येतोच. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर इथे कामाला येतो. त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही मोफत प्रणाली टाकून राउटरला जोडला, की घरातले मोबाइल त्यातल्या फायली उघडतात. नेटवर्क कार्ड तेवढं गिगाबिटचं बघा. 100 मेगाबिटच्या कार्डावर 10 जीबीचा व्हिडिओ चौदा मिनिटं खातो. डिस्क मात्र नवीच घ्या, तिथे काटकसर नको. दोन डिस्कवर तीच माहिती ठेवणारी ‘रेड 1’ रचना एक डिस्क गेली तरी तारते. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींकडून जाते, म्हणून वेगळा बॅकअप हवाच. शिवाय वीज गेली तर यूपीएसही हवा. आणि वीजबिलाचाही हिशोब ठेवा: 60 वॅटचा कॉम्प्युटर अखंड चालला तर महिन्याला 43 युनिट!