वेलँड नावाचा प्रोग्राम कुठेच नसतो

लिनक्सच्या डेस्कटॉपवरचं सर्वांत लांबलेलं भांडण आता निकालात निघतंय. पडद्यावर खिडक्या उमटवायचं काम जवळजवळ चाळीस वर्षं एक्स विंडो सिस्टीमकडे होतं. ती १९८४ मध्ये एमआयटीत जन्मली. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि तेव्हापासून 'एक्स इलेव्हन' हेच नाव रुळलं. आता ते काम वेलँडकडे जातंय. रेड हॅटने २०२५ मध्ये आलेल्या एंटरप्राइझ लिनक्स १० मधून एक्सचा सर्व्हर काढून टाकला. उबुंटू २५.१० मध्ये ग्नोम डेस्कटॉपचं एक्सवर चालणारं सेशन मिळत नाही. केडीईनेही आपल्या प्लाझ्मा डेस्कटॉपच्या ६.८ आवृत्तीपासून फक्त वेलँडच राहील असं जाहीर केलंय. निकाल जवळ आला तसा आवाज चढलाय, आणि दोन्ही बाजूंचे लोक अर्धवट माहितीवर हमरीतुमरीवर येताहेत.

पहिला गैरसमज मुळातला आहे: वेलँड हा एक्सच्या जागी बसवायचा नवा प्रोग्राम आहे. तसा प्रोग्राम कुठेच नाही. वेलँड हा प्रोटोकॉल आहे, म्हणजे अॅप्लिकेशन आणि पडदा सांभाळणारा प्रोग्राम यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा लेखी करार. पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रामला कंपोझिटर म्हणतात आणि तो प्रत्येक डेस्कटॉपचा स्वतःचा असतो. ग्नोमचा मटर, केडीईचा केविन. स्वे आणि त्याच्या भावंडांचे कंपोझिटर डब्ल्यूएलरूट्स या लायब्ररीवर उभे आहेत. त्यामुळे "वेलँडमध्ये अमुक चालत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा एखाद्या विशिष्ट कंपोझिटरबद्दल असते. तीच गोष्ट शेजारच्या डेस्कटॉपवर सुरळीत चालत असते.

याची किंमत मात्र खरी आहे आणि वेलँडचे कैवारी ती सांगायला सहसा विसरतात. एक्सच्या काळात सगळ्यांच्या खाली एकच सर्व्हर होता. खिडकी हलवणारी, कळा आपोआप दाबणारी छोटी साधनं एकदा लिहिली की ती सगळीकडे चालत. आता करारात नसलेली प्रत्येक गोष्ट प्रत्येक कंपोझिटर आपापल्या पद्धतीने करतो, किंवा करतच नाही.

"एक्स जुनं झालं म्हणून टाकलं" हे दोन्ही बाजूंचे लोक म्हणतात, एक बाजू कौतुकाने आणि दुसरी रागाने. पण लिनक्सचं कर्नलही १९९१ पासूनचं आहे, ते कोणी टाकत नाही. खरी अडचण एक्सच्या घडणीत आहे. रेषा, वर्तुळखंड, अक्षरं सर्व्हरने काढायची, अॅप्लिकेशनने फक्त हुकूम द्यायचा, अशी मूळ कल्पना होती. आज अॅप्लिकेशन सगळं चित्र स्वतः रंगवतं आणि तयार चित्र पुढे सरकवतं. सर्व्हर ते कंपोझिटरला देतो, कंपोझिटर सगळी चित्रं जुळवून पुन्हा सर्व्हरला देतो, मग ते पडद्यावर जातं. मधला माणूस उरला आहे, त्याचं काम उरलेलं नाही. शिवाय कंपोझिटरने एखादी खिडकी लहान किंवा तिरकी करून दाखवली तर सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो, आणि माउसची टिचकी कुणाकडे पाठवायची हे तर तोच ठरवणार! वेलँडच्या रचनेत सर्व्हर आणि कंपोझिटर एकच आहेत.

सुरक्षेचा मुद्दा पुष्कळांना बागुलबुवा वाटतो. तो तसा नाही. एक्सवर एकाच सत्रातलं कुठलंही अॅप्लिकेशन दुसऱ्यात टाइप होणारं वाचू शकतं आणि पडद्याचं चित्र घेऊ शकतं. चाळीतल्या सामाईक गॅलरीसारखा हा मामला आहे: सगळे ओळखीचे असतील तोवर सोयीचा. स्क्रीन लॉक तर आणखी मजेशीर. एक्सच्या दृष्टीने तो सगळं झाकणारी एक खिडकी असतो. तो कोसळला की मागचा डेस्कटॉप उघडा. एखादा मेनू उघडा राहिला असेल तर कुलूप लागतच नाही, ही अडचण पिढ्यानपिढ्या दुरुस्त होऊ शकली नाही, कारण ती प्रोटोकॉलमध्येच आहे. जानेवारी २०१४ मध्ये एक्सच्या फॉन्ट वाचणाऱ्या लायब्ररीत १९९१ पासून लपलेलं भगदाड सापडलं.

"बाहेरच्यांनी येऊन चालत्या गाड्याला खीळ घातली" हा आरोप सर्वांत लाडका, आणि सर्वांत चुकीचा. वेलँडची सुरुवात २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी केली. ते तेव्हा रेड हॅटमध्ये होते आणि त्याआधी एक्सच्याच ग्राफिक्सवर त्यांचं काम होतं. डॅनियल स्टोन, पीटर हटरर ही पुढची नावंही एक्सच्याच घरातली. एक्स आतून पाहिलेल्यांनीच नवा करार लिहायला घेतला. एक्स टिकवायचं असेल त्यांच्यासाठी मुक्त स्रोताचा रस्ता उघडाच आहे, आणि २०२५ मध्ये एक्सलिब्रे नावाची शाखा त्याच रस्त्याने निघाली. देखभालीला किती हात पुढे येतात त्यावर तिचं भवितव्य ठरेल.

जुनी अॅप्लिकेशन बंद पडतील ही भीती अनाठायी आहे. एक्सवेलँड नावाचा एक्स सर्व्हर वेलँडच्या आत चालतो आणि जुन्या अॅप्लिकेशनना काही बदलल्याचं सहसा कळतही नाही. रेड हॅटनेही तो ठेवलाच आहे. दूरच्या संगणकावरचं अॅप्लिकेशन आपल्या पडद्यावर आणण्याची एक्सची सोय नव्या प्रोटोकॉलमध्ये नाही, हे खरं. पण एसएसएचमधून आणलेलं जुनं अॅप्लिकेशन एक्सवेलँडवर अजूनही उघडतं, आणि वेलँडच्या अॅप्लिकेशनसाठी वेपाइप हे साधन आहे. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर वेलँड नकोच, हा सल्ला एकेकाळी रास्त होता. कंपनी बाकीच्यांहून वेगळी पद्धत धरून बसली होती. २०२१ च्या ४९५ क्रमांकाच्या ड्रायव्हरमध्ये ती सामाईक पद्धतीकडे आली आणि २०२४ च्या ५५५ नंतर पडदा लुकलुकण्याचा त्रास बराच ओसरला. तेव्हाचा सल्ला आज जसाच्या तसा देणं बरोबर नाही.

आता उलट बाजूचा गैरसमज: तक्रार करणारे सगळे हटवादी आहेत. रंगांची अचूकता सांभाळणारा प्रोटोकॉल सुमारे पाच वर्षांच्या चर्चेनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर झाला. तोवर छपाई आणि छायाचित्रणवाल्यांनी एक्स सोडलं नाही, यात हट्ट कसला? अॅप्लिकेशनला आपली खिडकी पडद्यावर नेमकी कुठे हवी हे सांगता येत नाही, म्हणून अनेक खिडक्यांचं सॉफ्टवेअर वापरणारे वैतागतात. दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या ओर्कासारख्या साधनांना कुठल्याही खिडकीत दाबलेली कळ कळावी लागते. वेलँडने सुरक्षेसाठी बंद केलेला दरवाजा तो हाच, आणि त्याला वेगळी वाट करून द्यायला फार उशीर झाला. माझ्या मते या सगळ्या स्थित्यंतरातली ही सर्वांत मोठी चूक आहे. सोयीसुविधा मागून आल्या तर चालतं. ज्याला संगणक वापरताच येणार नाही त्याला मागून या म्हणता येत नाही.

मराठीत टाइप करणाऱ्यांना वाटतं की आता जोडाक्षरं तुटतील. अक्षरांची जुळणी एक्स करत नव्हतं आणि वेलँडही करत नाही. अॅप्लिकेशनमध्ये ते काम हार्फबझसारखी लायब्ररी करते. कळफलकाचे आराखडेही दोन्हीकडे त्याच एक्सकेबीच्या संचातून येतात, त्यात मराठीचा कगप आराखडाही आहे. बदल होतो तो एवढाच: एक्सवर टर्मिनलमधून आज्ञा देऊन कळफलक बदलायची सवय असेल तर ती आज्ञा इथे उपयोगी नाही. डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी निवडायची. तिथेच सिस्टीमच्या माहितीत विंडोइंग सिस्टीम म्हणून कशाचं नाव आहे तेही बघावं. फेडोरा २०१६ पासून ग्नोमसाठी वेलँडच पुढे करतं, डेबियन २०१९ पासून. तेव्हा वेलँड कधीच वापरणार नाही असं म्हणणाऱ्या पुष्कळांच्या संगणकावर ते आधीपासूनच चालू असण्याची शक्यता मोठी आहे.